जुनी डिस्क, नवं जोतं

लॅपटॉप टेबलावर पालथा पडला होता आणि त्याच्या शेजारी एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लॅपटॉपच्या पाठीचा आकार काढलेला, आणि जो स्क्रू जिथून निघाला त्याच जागी तो पुठ्ठ्यात खोचलेला. कडेचे लांब, मधले आखूड. आखूड स्क्रूच्या भोकात लांब पिळला गेला तर तो थेट कीबोर्डला जाऊन टेकतो, म्हणून ही खबरदारी.

रीत माझ्या मेहुण्याची. पाबळच्या पेठेत त्याचं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा, फार्मर आयडी. जोडीला झेरॉक्स, लॅमिनेशन आणि लग्नपत्रिकांचं डीटीपी. तरुणपणी त्याने गावाबाहेरच्या विज्ञान आश्रमात एक वर्षाचा ग्रामीण तंत्रज्ञानाचा डिप्लोमा केला, डॉ. श्रीनाथ कलबाग हयात असताना. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून कलबागांनी १९८३ साली या दुष्काळी गावात आश्रम काढला, तो हाताने काम करत शिकता येतं हे दाखवायला. तिथे पोरं लोखंडी घुमटाची घरं उभारायला शिकायची. घुमटाचे तुकडे वेगवेगळ्या लांबीचे. एक इकडचा तिकडे गेला की सांधा बसत नाही. पुठ्ठ्याची सवय तिथली.

लॅपटॉप २०१८ चा. सकाळी बटण दाबायचं, उदबत्ती लावायची, दुकान झाडायचं, बाहेर पाणी मारायचं, तेव्हा कुठे पडद्यावर विंडोज पूर्ण उघडायचं. अर्ज भरताना मधेच गोल फिरत राहायचं आणि समोरचा माणूस घड्याळाकडे बघत बसायचा. मेहुण्याने ५०० जीबीची एसएसडी आणून ठेवली होती. माझी मुलगी पुण्याच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. ती सुट्टीला आली होती. मामाने तिच्यापुढे डबी ठेवली आणि वाद सुरू झाला. मामाचं म्हणणं, आहे तसं उचलून ठेव. भाचीचं म्हणणं, नवीन टाकू. मी बाकावर बसून दोघांचं ऐकत होतो. तटस्थ मात्र नव्हतो. त्याचं कारण पुढे येईल.

मामा : हे बघ पोरी, माझं म्हणणं सरळ आहे. क्लोन मार. इकडचं तिकडं, जसंच्या तसं. या मशीनवर प्रिंटर चालतो, अंगठ्याचं मशीन चालतं, डिजिटल सहीचं टोकन चालतं, श्रीलिपी चालते. एकेक गोष्ट चालू करायला मी किती फोन केलेत ते तुला माहीत नाही. अंगठ्याच्या मशीनसाठी तर दोन दिवस बसलो होतो. तू नवीन विंडोज टाकशील, सगळं चकाचक दिसेल, आणि सोमवारी माणसं दारात उभी राहतील तेव्हा मी काय सांगू? ड्रायव्हर शोधतोय म्हणून सांगू?

भाची : मामा, क्लोनने ते सगळं चालेल, मान्य. पण जे बिघडलंय तेही तसंच येईल. या मशीनवर दोन अँटीव्हायरसचे अवशेष आहेत. सुरू होताना तेवीस गोष्टी आपोआप उघडतात, त्यातल्या वीस कशासाठी आहेत ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

मामा : मग वेग वाढणार नाही म्हणतेस?

भाची : वाढेल. खूप वाढेल. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला ५४०० फेरे. म्हणजे एका फेऱ्याला अकरा मिलिसेकंद. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय ते डोकं तिथपर्यंत सरकायला हवं. विंडोज उघडताना हजारो बारक्या फाइली वाचतं, आणि त्या डिस्कभर विखुरलेल्या असतात. प्रत्येकीला ही वाट बघणं आहे. एसएसडीत फिरणारं काही नाही, नुसत्या चिपा. त्यामुळे तुम्ही आहे ते कचऱ्यासकट हलवलंत तरी पहिल्या दिवशी वाटेल की नवा लॅपटॉप घेतला.

मामा : झालं तर मग! घोडं अडलं कुठं?

इथे तिने लॅपटॉपच्या पोटात डोकावून डिस्कच्या पट्टीकडे बोट दाखवलं. मला वाटलं होतं ती कचऱ्याचंच पुढे चालवेल. पण ती विंडोज ज्यावर उभं असतं त्या मांडणीबद्दल, म्हणजे जोत्याबद्दल बोलू लागली, आणि तिचं म्हणणं मला तिथे पटायला लागलं.

या लॅपटॉपचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे. त्यावर विंडोज ११ बसतं. पण घेतल्यावर वर्षभरातच विंडोज बिघडलं होतं, तेव्हा ज्याने ते पुन्हा टाकलं त्याने जुन्या पद्धतीने टाकलं. डिस्कची मांडणी एमबीआर पद्धतीची आणि सुरू होणं जुन्या बायोसच्या वळणाचं. विंडोज ११ ला सुरू व्हायची नवी यूईएफआय पद्धत आणि डिस्कची नवी जीपीटी मांडणी लागते. हुबेहूब नक्कल केली की ही जुनी मांडणीही नव्या डिस्कवर हुबेहूब येते. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरगुती वापरणाऱ्यांना नाव नोंदवून मिळणारी वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. ज्या मशीनवरून गावच्या लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेची पासबुकं जातात, ते मशीन सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेल्या प्रणालीवर चालवणं तिला मान्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही.

मामा : तू पुण्यात राहतेस. केळकर संग्रहालयात गेली आहेस ना?

भाची : शाळेच्या सहलीला. का?

मामा : तिथं मस्तानीचा महाल आहे. मूळचा कोथरूडचा. दिनकर केळकरांनी त्याचे खांब, तुळया, नक्षीकाम जपून आणलं आणि संग्रहालयात पुन्हा उभं केलं. आपल्याकडं मस्तानीची कबर आहे. बघायला येणारी माणसं माझ्याच दुकानात वाट विचारतात, आणि मी प्रत्येकाला सांगतो की कबर इथं आहे, महाल तिकडं जाऊन बघा. त्यांनी काय नवीन महाल बांधला का? जुनाच हलवला. खांबाला खांब. म्हणून आज बघायला तरी मिळतो.

भाची : बरोबर, मामा. पण कोथरूडचं जोतं हलवलं का त्यांनी?

मेहुणा गप्प झाला.

भाची : खांब आणले, नक्षी आणली. जमीन तिथलीच राहिली. नव्या जागी नवा पाया घालावा लागला, आणि जे आणण्याजोगं होतं तेवढंच त्यावर उभं राहिलं. मी तेच म्हणतेय. तुमचे खांब मी एकही सोडणार नाही. पत्रिकांचे नमुने, अर्जांचे नमुने, हिशेब, फोटो, श्रीलिपीच्या फाइली. पण जोतं नवीन घालू द्या.

मामा : जोतं जुन्यातूनच बदलता येत नाही का? तूच मघाशी म्हणालीस की तसं काहीतरी आहे.

भाची : आहे. विंडोजमध्येच एमबीआरचं जीपीटी करणारी एक आज्ञा आहे. चालते. पण डिस्कची मांडणी तिला हवी तशी असावी लागते, आणि तुमच्या डिस्कवर आधीच चार विभाग पाडून ठेवलेत. आणि दुसरं असं की जुनी डिस्क एक टीबीची, नवी पाचशे जीबीची. विंडोजला जुनी ९३१ दिसते, नवी ४६५. भरलेलं आहे ३१० जीबी, म्हणजे माल मावेल, पण नुसती ठोकळ्याला ठोकळा नक्कल बसणार नाही. आधी विभाग आकसून घ्यावे लागतील. जिवंत डिस्कवर ही कापाकापी करताना वीज गेली तर?

आमच्या भागात वीज जाते हे त्याला सांगायची गरज नव्हती. दुकानात इन्व्हर्टर आहे, पण बॅटरी जुनी.

इथवरचा वाद तंत्राचा होता आणि तंत्रात ती मामाच्या पुढे आहे, हे मामालाही ठाऊक. वादाला खरी धार आली ती डाउनलोड्सचं फोल्डर उघडल्यावर.

३१० जीबीत आहे तरी काय हे बघायला तिने लॅपटॉप पुन्हा जोडून सुरू केला. त्या एका फोल्डरमध्ये अकरा हजारांवर फाइली होत्या. स्कॅन ००४७. स्कॅन ००४७ कंसात दोन. नवीन फोल्डर. नवीन फोल्डर तीन. एक फाइल उघडली, तर कुणाच्या तरी आधार कार्डाची दोन्ही अंगं. दुसरी, पासबुकाचं पहिलं पान, खाते क्रमांकासकट. तिसरीत शाळा सोडल्याचा दाखला, चौथीत एका बाईचा अंगठा उठवलेलं प्रतिज्ञापत्र. तिने पाचवी उघडली नाही. स्क्रीन मामाकडे वळवली.

भाची : मामा, हे कुणाचं आहे?

मामा : लोकांचं. अर्जाला जोडायला स्कॅन करतो, व्हॉट्सॲपवर घेतो. दिवसाला पन्नास माणसं. पुसत बसू की पुढचा अर्ज भरू?

भाची : क्लोन केला तर हे अकरा हजार कागद नव्या डिस्कवर जातील. आणि जुन्या डिस्कवरही राहतील. मग जुनी डिस्क कुठं जाईल? भंगारात?

मामा : फॉरमॅट मारून देणार ना.

भाची : झटपट फॉरमॅटने तबकडीवरचं काही पुसलं जात नाही. नुसती अनुक्रमणिका फाडली जाते, पुस्तक तसंच राहतं. कुणीही फुकटचं सॉफ्टवेअर लावून पानं वाचू शकतो. आणि समजा आपण ती डिस्क नीट पुसली, तरी नवीवर हे सगळं असणारच. उद्या लॅपटॉप चोरीला गेला, तर गावातल्या निम्म्या घरांचे कागद चोरीला जातील. २०२३ साली वैयक्तिक माहितीचा कायदा झाला तो यासाठीच. ज्या कामाला माहिती घेतली ते काम झालं की ती ठेवायची नाही.

मी मेहुण्याला पंचवीस वर्षं ओळखतो. तो निष्काळजी माणूस नाही. त्याने जे उत्तर दिलं ते ऐकून मुलगीही क्षणभर थांबली.

मामा : कायदा मला शिकव, मी शिकेन. पण आता माझं ऐक. दोन वर्षांपूर्वी वरच्या वस्तीवरची एक म्हातारी आली. पावसात घर गळलं, ट्रंकेतले कागद भिजून लगदा झाला. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, सगळं. तिला कुठल्या ऑफिसात काय मागायचं हेही माहीत नाही. तिने आधी पगारासाठी माझ्याकडे अर्ज केला होता. मी याच फोल्डरात तासभर शोधलं आणि तिच्या सगळ्या कागदांच्या प्रती काढून दिल्या. नंबर दिसले म्हणून नवीन दाखले निघाले. दाजी, तुम्हाला आठवतंय ना? त्या दिवशी मी सगळं पुसून बसलो असतो तर? तुमच्या शहरात माणसाचे कागद त्याच्या कपाटात असतात. इथं ते माझ्या मशीनमध्ये असतात. लोक मला विचारतात, मागच्या वर्षीचा दाखला आहे का हो तुमच्याकडं? मी नाही म्हणू?

पगार म्हणजे आमच्याकडे निराधार योजनेचे पैसे. ती म्हातारी मला आठवत होती. मेहुण्याने तिच्याकडून झेरॉक्सचेही पैसे घेतले नव्हते.

आता माझं सांगतो. मी शाळेत शिक्षक होतो. आमचा भाग पर्जन्यछायेतला. डोंगराकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा पाबळला ढग नुसते वरून जातात. शाळेच्या मैदानात पर्जन्यमापक होता आणि रोज सकाळी मुलं त्यातलं पाणी मोजायची. अकरा वर्षांच्या त्या नोंदी मी वह्यांतून संगणकावर उतरवल्या, तारखेवार, आणि घरातल्या आवराआवरीत वह्या रद्दीत गेल्या. पुढे लॅपटॉप बिघडला. एका दुकानात दिला. दुकानदाराने विचारलं, विंडोज टाकतो, फक्त सी ड्राइव्ह उडेल, डी ला हात लावत नाही, चालेल? मी चालेल म्हणालो. फाइल डेस्कटॉपवर होती. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच राहतो हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि डेस्कटॉपवर तुमचं काही आहे का हे त्या दुकानदाराने विचारलं नाही. अकरा पावसाळे गेले. ज्या मुलांनी ते मोजले, त्यांची आता लग्नं झाली आहेत.

म्हणून मी तटस्थ नव्हतो. फॉरमॅट हा शब्द ऐकला की माझं मन मामाच्या बाजूला जातं. तरी मी त्या संध्याकाळी दोघांना एकच गोष्ट म्हणालो. काय न्यायचं आणि काय टाकायचं हे ज्याचं आहे त्याच्यासमोर, त्याला विचारून ठरलं पाहिजे. माझ्या वेळी ते झालं नाही. क्लोन करणारा काहीच न विचारता सगळं नेतो, फॉरमॅट मारणारा काहीच न विचारता सगळं टाकतो. दोघांनाही यादी करायचा कंटाळा असतो.

मुलीने वही घेतली. मामा सांगेल तसं लिहीत गेली. प्रिंटर, त्याचा मॉडेल क्रमांक. अंगठ्याचं मशीन, त्याची कंपनी, नोंदणी कुठल्या मोबाइल नंबरवर आहे. सहीचं टोकन. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. श्रीलिपीपाशी जरा थांबावं लागलं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ही श्रीलिपी महाराष्ट्रातल्या डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षं वापरली. मेहुण्याच्या जुन्या पत्रिका तिच्यातच आहेत. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे ते कुठल्याही मशीनवर देवनागरीच दिसतं. या जुन्या फाइलींत तसं नसतं. अक्षरं आतून रोमन चिन्हांच्या जागी बसवलेली असतात आणि वरून फॉण्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉण्ट नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चुराडा दिसतो. नवीन विंडोज टाकून फाइली नेल्या आणि फॉण्ट न्यायला विसरलो, तर वीस वर्षांच्या पत्रिका असूनही नसल्यासारख्या. यादीत तिने त्याखाली दोन रेघा मारल्या.

विंडोजचं लायसन्स जाईल ही मामाची आणखी एक भीती. ती निराधार निघाली. विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, डिस्कशी नाही. डिस्क बदलून होमच्या जागी होम किंवा प्रोच्या जागी प्रो टाकलं, की इंटरनेट मिळताच ते स्वतःला ओळखतं.

मग तिने एक काम केलं, जे खरं तर आधी करायला हवं होतं, आणि तसं तिने बोलूनही दाखवलं. डिस्कची तब्येत तपासली. हार्ड डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते. ती वाचणारी साधी फुकट सॉफ्टवेअरं मिळतात. पडद्यावर पिवळा चौकोन आला. सावधान. वाचता न आलेल्या, निकाल लागायच्या बाकी असलेल्या जागा चोवीस.

वादाचा नूरच पालटला. डिस्क मरायला टेकली होती. दुकानातलं ते गोल फिरणं बरंचसं यामुळेच. डिस्क एकेक खराब जागा पुन्हापुन्हा वाचून बघत होती. अशा डिस्कची सरळ नक्कल करायला घेतली तर नक्कल मधेच अडते, आणि अडलेल्या जागी डोकं घासत बसल्याने उरलेली डिस्कही जाऊ शकते. विभाग आकसायचा प्रश्नच संपला. मरत्या डिस्कवर नवीन काही लिहायचं नसतं.

मामा : मग आता?

भाची : आता तुम्ही सांगा. डिस्क अर्ध्या तासाने बंद पडणार आहे असं समजा. आधी काय उचलू?

मामाने फार विचार केला नाही. उधारीचा हिशेब. मग पत्रिकांचे नमुने. मग स्वतःच्या मुलीच्या लग्नाचे फोटो. त्यानंतर जरा घुटमळून तो म्हणाला, लोकांचे अर्ज, या वर्षीचे. जुने सगळ्यात शेवटी.

माझ्या मते त्या संध्याकाळचा खरा निवाडा तो होता, आणि तो डिस्कच्या मालकाने दिला. तासभर आधी त्याला सगळंच सारखं हवं होतं.

तिने पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, म्हणजे आजारी डिस्कवरचं विंडोज जागं करायलाच नको. त्याच क्रमाने फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवल्या. मामाने केबल काळ्या पोर्टात लावली होती. तिने ती काढून निळ्यात लावली. काळं म्हणजे बहुधा यूएसबी २, सेकंदाला तीस-पस्तीस एमबी. निळं यूएसबी ३, तिथे जुन्या डिस्कचा स्वतःचा वेग, शंभरच्या आसपास, पूर्ण मिळतो. ३१० जीबीला एक तास की अडीच तास, एवढा फरक त्या एका रंगाचा. महत्त्वाचं हाती लागल्यावर अख्ख्या डिस्कची प्रतिमा काढायला लावली, ती डीडीरेस्क्यूने. तो प्रोग्राम खराब जागा दिसली की ती सोडून पुढे जातो, चांगलं ते आधी गोळा करतो आणि मग मागे वळून राहिलेल्या जागांशी झटतो. ही प्रतिमाही बाहेरच्या डिस्कवर, एकाच फाइलीत. म्हणजे मामाला हवी होती ती जशीच्या तशी नक्कल झाली, पण राहायला नाही. विसरलेलं काही आठवलं तर काढून घ्यायला. रात्री नऊला वीज गेली. इन्व्हर्टरने धरलं. आम्ही पंखा आणि दिवा बंद करून पडद्याच्या उजेडात बसून राहिलो. एकवीस जागा परत वाचता आल्या, तीन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी डिस्क बसवली. पुठ्ठ्यावरचे स्क्रू मामाने स्वतःच्या हाताने एकेक करून परत लावले. त्याने हे करावं असा मुलीचाच आग्रह होता, आणि याच गावात तो आग्रह मला फार योग्य वाटला. २००२ साली एमआयटीच्या बाहेर ज्या पहिल्यावहिल्या फॅब लॅब निघाल्या, त्यातली एक पाबळच्या आश्रमात निघाली. इथल्या पोरांनी यंत्र उघडून आतलं बघायचं, ही तिथली शिकवण. तरी गावातला माणूस लॅपटॉप बिघडला की तो दुकानात टाकून येतो आणि आत काय झालं ते विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

विंडोज ११, नवं जोतं. वीस सेकंदांत पडदा उघडला. मामा उदबत्ती हातात घेऊन उभाच राहिला.

पण मामाचं म्हणणंही खरं ठरलं, आणि ते सांगितलं पाहिजे. प्रिंटर दहा मिनिटांत लागला, टोकन अर्ध्या तासात. अंगठ्याचं मशीन दुपारपर्यंत जागचं हललं नाही. त्याची सेवा पुन्हा नोंदवावी लागली आणि कंपनीचा फोन लागत नव्हता. तेवढ्यात एक मुलगा नॉन-क्रिमिलेअरच्या अर्जासाठी आला. त्याचं काम ओटीपीवर होऊ शकलं असतं, पण आधारला जोडलेला नंबर बंद होता. तो परत गेला. त्याच्या प्रवेशाची मुदत जवळ आली होती. मुलीचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्याचं काम झालं, पण त्याची एक खेप आमच्यामुळे वाया गेली. ज्याचं पोट मशीनवर आहे त्याने नवीन विंडोज टाकायचं तर सुट्टीला जोडून एक मोकळा दिवस धरावा, आणि प्रवेशाच्या किंवा पीक विम्याच्या दिवसांत तर हात लावूच नये.

लोकांच्या कागदांचं काय करायचं यावर दोघं आणखी दोन दिवस बोलत होती. शेवटी मामानेच तोडगा काढला. दुकानात आता एक पाटी आहे. काम पूर्ण झाल्यावर तुमची कागदपत्रं तीस दिवसांनी पुसली जातील. ठेवायची असतील तर सांगा आणि वहीत सही करा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांना तो डिजिलॉकर उघडून देतो. ज्यांच्याकडे नाही, ज्यांची ट्रंक गळक्या छपराखाली आहे, त्यांचे कागद त्यांच्या सहीने किंवा अंगठ्याने, वेगळ्या कुलूपबंद फोल्डरमध्ये. पहिल्या महिन्यात एकोणीस जणांनी ठेवायला सांगितलं. बाकी कुणी मागितलं नाही.

तुम्ही असं एखादं केंद्र चालवत असाल, किंवा घरातला जुना लॅपटॉप एसएसडी टाकायला दुकानात नेणार असाल, तर एवढं करा. आधी डिस्कची तब्येत बघा. डेस्कटॉपवर काय आहे ते बघा. कुठला फॉण्ट, कुठलं टोकन, कुठला पासवर्ड, कागदावर लिहून काढा. आणि जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका, मागून घ्या. ती तुमची आहे.

मेहुण्याची जुनी डिस्क पाकिटात घालून कपाटात ठेवली आहे. विसरलेलं काही आठवायला तीन महिने पुरेत असं ठरलं. पाकिटावर त्याच्या अक्षरात तारीख आहे, आणि खाली एक शब्द लिहिलाय : ड्रिल.